सोसायटीतले वायरलेस सेन्सर आठ महिन्यांत का बंद पडले आणि आता आधी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडवरची सोसायटी, तीन विंग, प्रत्येकी २७ मजले, खाली दोन बेसमेंट आणि पोडियम. कमिटीने लोरावर (कमी बॅटरीत लांबवर छोटे मेसेज पाठवणारी रेडिओ टेक्नॉलॉजी) चालणारे वायरलेस सेन्सर बसवले, अंडरग्राउंड आणि ओव्हरहेड टाक्यांची लेव्हल, पंपरूममध्ये पाणी साचलं तर अलार्म, बेसमेंटमधला कार्बन मोनॉक्साइड, डीजीचं म्हणजे जनरेटरचं डिझेल. गेटवे, म्हणजे सेन्सरचे मेसेज ऐकून इंटरनेटवर सर्व्हरला देणारा डबा, एकच, ए विंगच्या गच्चीवर. व्हेंडरने बॅटरी १० वर्षं टिकेल सांगितलं होतं. आठ महिन्यांत बेसमेंट आणि पंपरूममधले बहुतेक सेन्सर बंद पडले, गच्चीवरचे आणि वरच्या मजल्यांवरचे मात्र व्यवस्थित चालू आहेत. व्हेंडर म्हणतोय बॅटरीचा लॉट खराब होता, नवीन टाकून देतो. दुसरा एक जण म्हणतोय हे सगळं काढा आणि झिगबी मेश (उपकरणं एकमेकांमार्फत मेसेज पुढे ढकलतात असं दुसरं वायरलेस नेटवर्क) लावा. कमिटीतल्या काहींचं म्हणणं सरळ वायफाय घ्या. यातलं काय करायचं?

माझं स्पष्ट मत, अजून एकही बॅटरी बदलू नका आणि टेक्नॉलॉजीही बदलू नका. मी वागळे इस्टेटपासून ऐरोली-महापेपर्यंत बिल्डिंग ऑटोमेशनचीच कामं करतो आणि तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ माझ्या मते ही आहे की खालचे मेले आणि वरचे जगले. लॉट खराब असता तर वर-खाली सगळीकडे सारखेच मेले असते, बॅटरीला मजला कळत नाही. मजला रेडिओला कळतो. म्हणजे दोष सिग्नलचा आहे आणि बॅटरी फक्त त्याचं बिल भरतेय. नवीन बॅटऱ्या टाकल्या तर पुढच्या वर्षी याच दिवसांत त्याही संपलेल्या असतील.

हे नीट समजून घ्या कारण कमिटीसमोर मांडायला लागेल. लोकांना वाटतं सेन्सर सारखा मोजतो म्हणून बॅटरी जाते. असे सेन्सर दिवसाचे जवळपास सगळे तास झोपलेले असतात, झोपेत करंट २-३ मायक्रोअँप, वर्षभराचा हिशोब केला तरी २० मिलिअँप-अवरच्या आसपास. आत ३.६ व्होल्टची लिथियम थायोनिल क्लोराइडची पेन्सिल सेलच्या आकाराची बॅटरी असते, तिची क्षमता साधारण २४०० मिलिअँप-अवर. म्हणजे नुसता झोपून राहिला तर बॅटरी आपल्या वयानेच जाईल. खर्च होतो तो रेडिओ चालू असताना, तेव्हा करंट एकदम हजारो पट वाढतो, आणि तो किती वेळ चालू राहणार हे सिग्नल ठरवतो.

लोरामध्ये स्प्रेडिंग फॅक्टर नावाची गोष्ट आहे, ७ ते १२. सिग्नल चांगला असेल तर सेन्सर ७ वर बोलतो, पटकन बोलून झोपतो. सिग्नल वाईट असेल तर वाढत वाढत १२ वर जातो, म्हणजे लांबच्या माणसाशी आपण जसं एकेक अक्षर सुटं करून सावकाश बोलतो तसं. १० बाइटचा छोटासा मेसेज, टाकीची लेव्हल आणि बॅटरीचा व्होल्टेज मावेल एवढा, ७ वर सुमारे ६० मिलिसेकंदात जातो आणि १२ वर त्यालाच जवळपास दीड सेकंद लागतो. चोवीस पट. तेवढा वेळ रेडिओ साधारण ४० मिलिअँप ओढत असतो असं धरा आणि दर १० मिनिटांनी एक मेसेज धरा, तर ७ वर पाठवण्याचा वर्षाचा खर्च ३६ मिलिअँप-अवर येतो आणि १२ वर साडेआठशेच्या पुढे. म्हणजे बॅटरी तीन वर्षांच्या आतच संपली. आणि व्हेंडरने मेसेज कन्फर्म्ड ठेवला असेल, म्हणजे प्रत्येक मेसेजला गेटवेकडून पोच हवी, तर पोच नाही आली की सेन्सर तोच मेसेज पुन्हा पाठवतो. प्रत्येक मेसेज सरासरी तीनदा गेला असं समजा, वर्षाला २६०० होतात. वर्षाच्या आत बॅटरी खलास. तुमचे आठ महिने या हिशोबात अगदी चपखल बसतात, फक्त इंटरव्हल (दोन मेसेजमधला वेळ) थोडा कमी किंवा रीट्राय (पुन्हा पाठवणं) थोडे जास्त धरायचे.

१० वर्षांचा दावा खोटा नव्हता कदाचित, तो स्प्रेडिंग फॅक्टर ७ वाला आकडा होता. पण तुमच्या पंपरूममधले सेन्सर ७ वर बोलत नाहीयेत.

म्हणूनच बॅटरी वाचवायची की नेटवर्क भरवशाचं करायचं असा वाद कोणी घातला की मी त्यांना थांबवतो. बिल्डिंगमध्ये या दोन गोष्टी बहुतेक वेळा एकच असतात. लिंक सुधारली की मेसेजही पोचतात आणि बॅटरीही टिकते, लिंक खराब असली की दोन्ही जातात. पॉवर वाढवून, रीट्राय वाढवून, कन्फर्म्ड लावून जो भरवसा मिळतो तो उसना असतो, आणि त्याचा त्रास दुसऱ्या सेन्सरलाही होतो, कारण साधारणपणे हे गेटवे पोच पाठवत असताना दुसरं काही ऐकू शकत नाहीत. जितक्या जास्त पोचा, तितका वेळ गेटवे बहिरा, मग बाकीच्यांचे मेसेज हुकतात, मग तेही रीट्राय करतात. लोरावॅनमध्ये, म्हणजे लोरावर चालणाऱ्या या नेटवर्कमध्ये, सेन्सर बोलण्याआधी कोणाची परवानगी घेत नाहीत, वाटेल तेव्हा बोलतात, त्यामुळे हवेत गर्दी वाढली की टक्कर वाढते. टाकीची लेव्हल दर १० मिनिटांनी येणार असेल तर एक मेसेज हुकला म्हणून काही बिघडत नाही, त्याला पोच कशाला. पोच फक्त पाणी साचण्याचा अलार्म, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म अशा मोजक्या मेसेजना ठेवा.

आता तुमच्या बिल्डिंगमध्ये सिग्नल नेमका कुठे मेला. दोन कारणं दिसतात मला, बिल्डिंग न बघताही.

पहिलं, गच्चीवरचा अँटेना. व्हेंडर लोक मोठा फायबरग्लासचा ६-८ डीबीआयचा (डीबीआय हे गेनचं माप, म्हणजे अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटतो ते) उभा अँटेना लावतात आणि कमिटीला सांगतात की याची रेंज कित्येक किलोमीटर. असेलही, पण ती रेंज आडवी आहे. असा अँटेना शक्ती निर्माण करत नाही, आहे तीच चहूबाजूला आडवी दाबून पसरवतो, आणि जितका गेन जास्त तितकं थेट वर आणि थेट खाली कमी जातं. तुमच्या गच्चीवरून समोरच्या येऊरच्या डोंगरावर ठेवलेला सेन्सर मस्त ऐकू येईल आणि त्याच गच्चीच्या बरोबर खाली बेसमेंटमध्ये असलेला येणार नाही. बेसमेंट अँटेनाच्या सगळ्यात कमजोर बाजूला आहे आणि मध्ये २७ स्लॅब आहेत.

दुसरं, बांधकाम. घोडबंदर, कोळशेत, बाळकुम किंवा तिकडे खारघरला उलवेला नवीन टॉवर बघा, बरेचसे मायवानचे आहेत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या फॉर्मवर्कमध्ये स्लॅब आणि भिंती एकदमच ओतलेल्या. जुन्या नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या बिल्डिंगमध्ये कॉलम-बीम आरसीसीचे आणि मधल्या भिंती विटांच्या, तिथे सिग्नल भिंतींतून वाट काढतो. मायवानमध्ये आतली पार्टिशनसुद्धा काँक्रीटची आणि तिच्यात सळयांची जाळी. परदेशी पेपर वाचून किंवा व्हेंडरच्या डेटाशीटवरून एका मजल्याला सिग्नल इतके डीबी कमी असा हिशोब केला की इथे चुकतोच. त्यात लिफ्टची शाफ्ट, फायर डोअर म्हणजे लोखंडी पत्रा, आणि पंपरूममध्ये पाण्याने भरलेली टाकी शेजारी. सेन्सर कुठे लावलाय तेही बघा, मी नेहमी बघतो की तो सरळ लोखंडी पॅनलवर किंवा जीआय पाइपला पट्टीने बांधलेला असतो. लोखंडाला चिकटलेला अँटेना डीट्यून होतो, म्हणजे आपल्या फ्रिक्वेन्सीवरून सरकतो. भिंतीवर हात-दीड हात वर घ्या, धातूपासून लांब, एवढ्यानेही फरक पडतो.

मग उपाय काय, तर दुसरा गेटवे. खाली. बेसमेंटच्या रॅम्पजवळ किंवा पोडियमच्या खाली मीटर रूमच्या बाहेर, छोटा २-३ डीबीआयचा अँटेना, आणि अँटेना खोलीच्या आत ठेवू नका, केबलने बाहेर काढा पण केबल लांबवू नका कारण केबलही सिग्नल खाते. लोरावॅनची चांगली गोष्ट ही की सेन्सर एका गेटवेला बांधलेला नसतो, जो ऐकेल तो मेसेज सर्व्हरला देतो आणि दोघांनी ऐकला तर सर्व्हर एक प्रत टाकून देतो. म्हणजे दुसरा गेटवे लावताना एकाही सेन्सरला हात लावायला लागत नाही. लावल्यावर ॲडाप्टिव्ह डेटा रेट (सिग्नल बघून स्प्रेडिंग फॅक्टर आपोआप कमी-जास्त करणारी सेटिंग) चालू आहे ना ते तपासा, मग जे सेन्सर जिवंत आहेत ते हळूहळू १२ वरून ८-९ वर, काही ७ वर येतील. तेव्हा बॅटऱ्या बदला. हा क्रम उलटा करू नका.

पण गेटवे विकत घ्यायच्या आधी टेस्ट करा, व्हेंडरला सांगा एक गेटवे तात्पुरता आणून ठेव, आठवडाभर राहू दे. प्रत्येक सेन्सरचे तीन आकडे बघायचे, आरएसएसआय (सिग्नलची ताकद), सिग्नल-टू-नॉइज (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) आणि फ्रेम काउंटर (मेसेजचा क्रमांक). पहिल्या आकड्यावर सगळे अडकतात. माझं लक्ष फ्रेम काउंटरवर असतं, कारण सेन्सर प्रत्येक नवीन मेसेजला एक नंबर देतो, ४१० नंतर ४१४ आला म्हणजे मधले तीन हरवले, इतकं सरळ आहे, यात कोणाला मत द्यायची गरज नाही. आणि आठवडाभर अशासाठी की सकाळी अकराला बेसमेंट रिकामं असतं, रात्री दहाला गाड्यांनी भरलेलं, म्हणजे पत्र्याने भरलेलं. दुपारी रिकाम्या पार्किंगमध्ये घेतलेलं रीडिंग रात्री कामाचं नाही. सिग्नल-टू-नॉइज त्या स्प्रेडिंग फॅक्टरच्या किमान मर्यादेच्या निदान १० डीबी वर हवा असा माझा नियम आहे. ७ ची मर्यादा उणे ७.५ आहे आणि १२ ची उणे २०, तर जो सेन्सर १२ वर उणे १८ दाखवतोय तो आज चालू असला तरी चालू समजू नका.

झिगबी मेशबद्दल. वाईट नाहीये ते, ऑफिसच्या एका फ्लोअरवर मी स्वतः लावतो. पण तुमच्या कामाला नको. एक तर २.४ गिगाहर्ट्झवर २७ मजल्यांचे सगळ्यांच्या घरचे वायफाय राउटर आहेत, झिगबीचे १६ चॅनल त्यांच्यातच बसतात आणि वायफायच्या १, ६, ११ चॅनलच्या मधल्या फटीत १५, २०, २५, २६ एवढेच जरा मोकळे मिळतात, तेही कोणी राउटर १३ वर टाकला की २५-२६ गेले. दुसरं, मेशमध्ये मेसेज पुढे ढकलणारे राउटर नोड (नोड म्हणजे नेटवर्कमधलं एकेक उपकरण) सतत ऐकत असतात, त्यामुळे ते लाइटवरच लागतात. सतत ऐकणं किती महाग आहे बघा, जुन्या झिगबी चिपला नुसतं ऐकायला १९ मिलिअँपच्या जवळ लागायचे, दोन पेन्सिल सेलवर साडेपाच दिवस. नवीन चिप ५-६ मिलिअँपवर आल्यात, तरी महिना नाही टिकणार. म्हणून राउटर मेनवर, आणि आपल्याकडे मेन म्हणजे भिंतीवरचं बटण. हाउसकीपिंगवाल्याने बेसमेंटची ट्यूबलाइट बंद केली की राउटर गेला, त्याच्यामागचे चार सेन्सर नवीन वाट शोधत बसतात आणि शोधताना बॅटरी जाळतात. मेश लावायचीच असेल तर राउटरना वेगळा, बटण नसलेला पॉइंट द्यायला लागतो आणि मग वायरिंगचा खर्च आलाच. वायफायचं तर बॅटरी सेन्सरसाठी बोलूच नका, कनेक्ट व्हायलाच त्याला इतका वेळ आणि करंट लागतो, आणि राउटरचा पासवर्ड बदलला की सगळे सेन्सर एकदम गेले.

८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा आपल्याकडचा लायसन्सशिवायचा बँड आहे, लहर सुमारे ३५ सेंटीमीटरची, २.४ वाली साडेबाराची, काँक्रीटमधून पहिली बरी जाते. तुमच्या व्हेंडरने निवड बरोबर केली होती, मांडणी चुकली.

एक गोष्ट मात्र मला तुमच्या यादीत खटकतेय. पंपरूममध्ये थ्री फेज आहे, पॅनल आहे, मग तिथे बॅटरीचा हट्ट कशाला? टाकी लेव्हल आणि पाणी साचण्याचा सेन्सर पॅनलमधून पॉवर घेणारा लावा, बॅटरी ज्या जागी वायर नेता येत नाही तिथेच. आणि त्याहून महत्त्वाचं, पंप या नेटवर्कवर चालू-बंद करायचा विचार असेल तर तो असा करा की मेसेज आला नाही तरी नुकसान होणार नाही. ओव्हरहेड टाकीत वायरवाला फ्लोट स्विच राहू द्या, अंडरग्राउंडला ड्राय रनसाठी, म्हणजे पंप पाण्याशिवाय चालू नये म्हणून, वेगळा, हे दोन्ही पॅनलला थेट. वायरलेस लेव्हल वर बसून कंट्रोल करू दे, पण तीन मेसेज लागोपाठ आले नाहीत की पॅनलने आपोआप फ्लोटवर जायचं. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं, कधी टँकर येतो, रात्री पंप रिकामा चालून मोटर जळली तर सकाळी तीन विंगना पाणी नाही. एवढी जबाबदारी एका रेडिओ लिंकवर टाकू नये. फायर अलार्मचं पॅनल तर या सगळ्यापासून पूर्ण लांब ठेवा, त्याची वायरिंग त्याची.

जिन्यातले आणि बेसमेंटचे लाइट पुढे सेन्सरवर घ्यायचे असतील तर त्याला नेटवर्कच नको. माणूस आला की लागणारा मायक्रोवेव्ह सेन्सरवाला एलईडी जागच्या जागी काम करतो. नेटवर्कवर तीच गोष्ट आणा जिच्या आकड्यावर कोणीतरी काहीतरी करणार आहे. ऐरोलीच्या एका ऑफिसमध्ये तापमान दर मिनिटाला पाठवत होते, आता खोलीचं तापमान मिनिटात बदलत नाही आणि एसीचा कंट्रोल १५ मिनिटांनी निर्णय घेत होता. आम्ही अर्ध्या डिग्रीने बदललं तरच पाठव, नाहीतर अर्ध्या तासाने एकदा जिवंत आहे एवढं सांग, असं केलं आणि ट्रॅफिक एकदम खाली आला. तिथेच कार्बन डायऑक्साइडचे सेन्सर होते, त्यांचं उलटं असतं, त्यात इन्फ्रारेडचा दिवा असतो आणि एकेक मोजणीच रेडिओपेक्षा महाग पडू शकते, म्हणून तिथे पाठवणं नाही तर मोजणंच कमी करायचं, रात्री ऑफिस रिकामं असताना तर जवळजवळ बंद. कुठला सेन्सर कशात खर्च करतो हे व्हेंडरला विचारा, सगळ्यांना एकच इंटरव्हल लावणारा व्हेंडर विचार करत नाहीये.

लाइट जाण्याचा मुद्दा वेगळा सांगतो कारण तो सगळे विसरतात. लाइट गेली की बॅटरीवाले सेन्सर बोलतच राहतात पण गेटवे आणि ब्रॉडबँडचा डबा बंद झालेला असतो. गेटवेला छोटा डीसी यूपीएस द्या, इंटरनेट डब्यालाही, आणि गेटवे आत डेटा साठवून ठेवणारा हवा. दुसरं, डीजीवर लाइट आली की मेनवरचे सगळे नोड एकाच सेकंदाला उठतात आणि एकाच वेळी नेटवर्कला जॉइन व्हायला बघतात, सगळे एकमेकांवर आदळतात. उठल्यावर प्रत्येकाने काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं वाट बघायची, वेळ ज्याची त्याने रँडम काढायची, ही सेटिंग फर्मवेअरमध्ये असते, मागून घ्यावी लागते.

पावसाळा आता सांगायलाच नको. गच्चीवरच्या डब्यात केबल खालून आत न्यायची, वरून कधीच नाही, आत जायच्या आधी केबलला खाली झोल द्यायचा म्हणजे पाणी तिथून टपकेल. आयपी६७ लिहिलेला डबासुद्धा ऊन-पावसाच्या खेळात आतली गरम हवा थंड झाली की बाहेरची दमट हवा आत ओढतो, म्हणून श्वास घेणारी मेंब्रेन व्हेंट लागते. ओव्हरहेड टाकीच्या झाकणाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर असेल तर त्याच्या तोंडावर वाफेचे थेंब जमतात आणि टाकी भरलीय असं दाखवतो, तिथे पाण्यात सोडायचा प्रेशरवाला बरा. नेरूळ-बेलापूरला खाडीच्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये अँटेनाचे कनेक्टर हिरवे पडलेले मी काढलेत, सेल्फ अमाल्गमेटिंग टेप गुंडाळली की टिकतात. गच्चीवरच्या अँटेनाला सर्ज अरेस्टर आणि अर्थिंग आहे का तेही आत्ताच बघा.

बॅटऱ्या बदलताना एक. लिथियम थायोनिल बॅटरी खूप दिवस झोपेत राहिली की आत थर बसतो आणि रेडिओने एकदम करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतो, सेन्सर रीसेट होतो, रीसेट झाला की पुन्हा जॉइन, त्यात अजून खर्च. म्हणून तिच्याबरोबर कपॅसिटर असलेला पॅक घ्या. आणि बाजारातून कुठलीही स्वस्त सेल आणून टाकू देऊ नका, पेन्सिल सेलच्या जागी तर अजिबात नाही, ३.६ आणि १.५ व्होल्टचा आकार सारखाच असतो.

व्हेंडरशी आता जो नवीन एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, कराल त्यात बॅटरी किती वर्षं हा प्रश्न असा लिहा, कुठल्या स्प्रेडिंग फॅक्टरवर, किती मिनिटांच्या इंटरव्हलवर, पोच घेऊन की न घेता. दर महिन्याला प्रत्येक सेन्सरचा बॅटरी व्होल्टेज, स्प्रेडिंग फॅक्टर आणि हरवलेले मेसेज यांचा तक्ता सेक्रेटरीकडे यायला हवा. नुसत्या व्होल्टेजवर विसंबू नका, या बॅटरीचा व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग धाडकन पडतो, महिनाभर आधी कळायचं असेल तर स्प्रेडिंग फॅक्टरच सांगतो. आणि सगळ्या सेन्सरच्या ॲप की, म्हणजे सेन्सरला नेटवर्कवर जॉइन व्हायला लागणारी १२८ बिटची गुप्त किल्ली, लेखी स्वरूपात सोसायटीच्या ताब्यात घ्या, पासवर्ड असलेल्या फाइलमध्ये, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. आज बहुतेक सोसायट्यांच्या किल्ल्या व्हेंडरकडेच पडून आहेत, आणि त्या हातात नसतील तर उद्या दुसऱ्या माणसाला काम देताना चांगले चालू असलेले वरच्या मजल्यांचे सेन्सरही फेकून द्यावे लागतील.